न्यायासनाची अदब आणि वृत्तपत्रांची लेखणी

‘बेअदबी’ हा शब्द दरबारी वळणाचा आहे. राजापुढें मान न लववितां उभें राहणें, परवानगीवांचून बोलणें, त्याच्याकडे पाठ करून निघून जाणें, हे सारे प्रकार जुन्या दरबारांत बेअदबीचे समजले जात. इंग्रजी अमदानींत न्यायालयें स्थापन झालीं, तेव्हां तेथील एका विशिष्ट अपराधास हाच शब्द चिकटला आणि ‘कोर्टाची बेअदबी’ हा वाक्प्रचार मराठी वृत्तपत्रांत रूढ झाला. आजच्या कायद्याची भाषा ‘न्यायालयाचा अवमान’ अशी आहे. परंतु शब्द जुना असो वा नवा, दोहोंनींहि सामान्य वाचकाची थोडी दिशाभूलच होते. न्यायाधीश ही मोठी व्यक्ति, तिचा मान राखलाच पाहिजे, आणि न राखणारास शासन झालेंच पाहिजे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ तो घेतो.

कायद्याचा मूळ हेतु याहून वेगळा आहे. ज्याचा वाद न्यायालयापुढें चालू आहे, त्याला भीतीवांचून आणि बाहेरच्या दडपणावांचून न्याय मिळावा, यासाठीं हा कायदा आहे. न्यायाधीशाचें संरक्षण हें साधन. पक्षकाराचें संरक्षण हें साध्य. हें नातें जेथें जेथें विसरलें गेलें, तेथें तेथें न्यायासन आणि वृत्तपत्र यांच्यामध्यें खटके उडाले, आणि त्यांपैकीं कित्येक खटके आपल्या देशाच्या इतिहासांत नमूद झाले आहेत.

कायद्यानें अवमानाचे दोन भाग पाडले आहेत. न्यायालयाचा हुकूम बुद्ध्याच न पाळणें, किंवा न्यायालयास दिलेलें वचन मोडणें, हा दिवाणी अवमान होय. मनाईहुकुमास न जुमानतां घरमालकानें भाडेकरूचें सामान रस्त्यावर फेकलें, तर तें कृत्य या वर्गांत येतें. वृत्तपत्रांचा संबंध येतो तो बहुधा दुसऱ्या, म्हणजे फौजदारी, अवमानाशीं. त्याचेहि पोटभेद आहेत. चालू खटल्यांत ढवळाढवळ होईल असा मजकूर छापणें हा एक. न्यायालयाची निंदानालस्ती करून त्यावरील लोकांचा विश्वास उडविणें हा दुसरा. हे दोन प्रकार वेगळे ठेवले, म्हणजे पुष्कळसा गोंधळ आपोआप नाहींसा होतो.

पहिल्या प्रकाराची आवश्यकता समजण्यास फारशी विद्वत्ता लागत नाहीं. परीक्षेचे पेपर तपासले जात असतां परीक्षकाच्या दाराशीं उभें राहून, ‘अमक्यास पास करा, तमक्यास नापास करा’ असा कोणी गलका केला, तर तो मनानें कितीहि प्रामाणिक असला तरी परीक्षेचा घातच करतो. निकाल लागल्यावर मात्र गुण योग्य रीतीनें दिले गेले कीं नाहीं, याची चर्चा करण्यास आडकाठी नसावी. खटल्याचेंहि तसेंच आहे. गुन्हा शाबीत होण्यापूर्वींच वर्तमानपत्रानें आरोपीला खुनी ठरविलें, साक्षीदारांच्या जबान्या आधींच छापून त्यांचा खरेखोटेपणा सांगून टाकला, तर साक्षीदार बिचकतो. आणि पुराव्याच्या नियमाप्रमाणें जें न्यायाधीशासमोरहि येऊं नये, तें सकाळच्या चहाबरोबर घरोघर पोंचतें. ज्याच्यावर आरोप आहे, त्याला वर्तमानपत्राची उलटतपासणी घेतां येत नाहीं.

या प्रकारांतील एक प्रसिद्ध खटला मुंबई उच्च न्यायालयांत झाला, आणि त्यांतील आरोपी होते महात्मा गांधी. १९१९ सालच्या एप्रिल महिन्यांत, रौलट कायद्याविरुद्ध सत्याग्रहाची प्रतिज्ञा घेतलेल्या अहमदाबादच्या कांहीं वकिलांविषयीं तेथील जिल्हा न्यायाधीश केनेडी यांनीं उच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रारांना एक पत्र लिहिलें. कायदेभंगाची प्रतिज्ञा करणाऱ्या माणसानें वकिलीची सनद बाळगावी काय, असा त्या पत्राचा रोख होता. त्यावरून उच्च न्यायालयानें त्या वकिलांस नोटिसा काढल्या. प्रकरणाचा निकाल लागावयाचा होता, तोंच ६ ऑगस्ट १९१९ च्या ‘यंग इंडिया’ पत्रांत केनेडींचें तें पत्र आणि त्यावरील टीकालेख प्रसिद्ध झाले. संपादक गांधी होते, प्रकाशक महादेव देसाई.

उच्च न्यायालयाकडून खुलासा मागविण्यांत आला. पुढें माफीचा एक मसुदाहि पाठविण्यांत आला. गांधींनीं माफी मागण्यास नकार दिला. पत्राचा विषय सार्वजनिक महत्त्वाचा होता, तें छापणें हा पत्रकाराचा हक्क होता, आणि तसाच प्रसंग पुन्हां आल्यास आपण तेंच करणार असल्यामुळें माफी मागणें हें निव्वळ तोंडदेखलें ठरेल, असें त्यांचें म्हणणें होतें. ३ मार्च १९२० रोजीं सुनावणी झाली आणि १२ मार्च रोजीं तीन न्यायमूर्तींनीं निकाल दिला. अवमान झाला आहे असें ठरवून त्यांनीं दोघांस कडक समज दिली आणि पुढें असें न करण्याविषयीं बजावलें. कैद नाहीं, दंडहि नाहीं.

या खटल्यांत न्यायालयाची बाजू पोकळ होती असें मुळींच म्हणतां येणार नाहीं. प्रकरण अनिर्णित होतें. त्यांतील एक कागद छापून त्यावर मतप्रदर्शन करणें म्हणजे तपासणी चालू असतां परीक्षकाच्या दाराशीं जाणेंच होतें. पण दुसऱ्या बाजूनें पाहिलें, तर एका न्यायाधीशानें आपल्या हाताखालच्या वकिलांच्या राजकीय मतांविषयीं काय लिहिलें, हें जाणण्याचा लोकांचा हक्कहि खोटा नव्हता. दोन खऱ्या गोष्टींची गांठ पडली, आणि म्हणूनच शिक्षा समज देण्यापुरतीच राहिली. न्यायालयाचा संयम आणि आरोपीचा निर्धार, हे दोन्ही त्या दिवशीं शोभून दिसले.

दुसऱ्या प्रकाराचा, म्हणजे न्यायालयाच्या निंदेबद्दलच्या शिक्षेचा, इतिहास मोठा चमत्कारिक आहे. लंडनमधील जॉन आल्मन नांवाच्या पुस्तकविक्रेत्यानें सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यावर टीका करणारी एक पुस्तिका प्रसिद्ध केली, म्हणून १७६५ सालीं त्याच्यावर अवमानाचें प्रकरण चाललें. न्यायमूर्ति विल्मट यांनीं निकालपत्र लिहून तयार ठेवलें. परंतु कागदपत्रांच्या मथळ्यांतील नांवांत चूक निघाल्यामुळें प्रकरण सोडून द्यावें लागलें, आणि तें निकालपत्र न्यायालयांत वाचलेंच गेलें नाहीं. विल्मट यांच्या मृत्यूनंतर, १८०२ सालीं, त्यांच्या मुलानें तें छापलें. न्यायाधीशाची निंदा करणारास ज्यूरीवांचून तेथल्या तेथें शिक्षा करण्याचा न्यायालयास अधिकार आहे, हें मत पुढें या न उच्चारलेल्या निकालाच्या आधारानें रूढ झालें.

या अधिकारांत एक अडचण पहिल्यापासूनच आहे. कोणीहि आपल्याच वादांत न्यायाधीश होऊं नये, हा न्यायशास्त्राचा पहिला धडा. पण येथें ज्याची निंदा झाली तो स्वतः, किंवा त्याच्याच शेजारच्या आसनावर बसणारा त्याचा सहकारी, निवाडा करतो. म्हणून हा अधिकार वापरतांना हात आखडता ठेवावा, असें मोठमोठे न्यायाधीशच वेळोवेळीं सांगत आले आहेत.

हिंदुस्थानांत या अधिकाराचा गाजलेला प्रसंग १८८३ सालचा. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति नॉरिस यांनीं एका दाव्यांत ओळख पटविण्यासाठीं शालिग्राम न्यायालयांत आणविला, अशी बातमी एका पत्रानें दिली. ‘बेंगाली’ पत्राचे संपादक सुरेंद्रनाथ बानर्जी यांनीं ती खरी मानून न्यायमूर्तींवर अत्यंत तिखट लेख लिहिला. इंग्लंडच्या इतिहासांतील कुप्रसिद्ध न्यायाधीशांच्या पंगतीस त्यांना बसविलें. पक्षकारांच्या संमतीनेंच मूर्ति आणली गेली होती, हें पुढें उघड झालें. सुरेंद्रनाथांनीं माफी मागितली. तरीहि त्यांस दोन महिन्यांची कैद झाली. पांच न्यायमूर्तींपैकीं रमेशचंद्र मित्र या एकट्या हिंदी न्यायमूर्तींनीं कैदेची शिक्षा अतिरिक्त आहे असें मत दिलें. त्या शिक्षेनें न्यायालयाचा मान वाढला काय? कलकत्त्यांत हरताळ पडले, विद्यार्थ्यांनीं निदर्शनें केलीं, आणि एका संपादकाचा राष्ट्रीय पुढारी झाला.

महाराष्ट्रांतील प्रसंग १९०८ सालचा आहे. त्या वर्षीं २२ जुलै रोजीं लोकमान्य टिळकांस राजद्रोहाच्या आरोपावरून सहा वर्षें काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ज्यूरींत सात युरोपियन होते आणि दोन हिंदी. मतें पडलीं तींहि सात विरुद्ध दोन. या खटल्यावर ‘मराठा’ पत्रांत लिहिलेल्या लेखाबद्दल संपादक नरसिंह चिंतामण केळकर यांस उच्च न्यायालयानें चौदा दिवसांची साधी कैद आणि एक हजार रुपये दंड केला. खटला संपलेला होता. त्यांत ढवळाढवळ होण्याचा प्रश्नच उरलेला नव्हता. शिक्षा झाली ती केवळ न्यायासनाच्या प्रतिष्ठेसाठीं.

साम्राज्याच्या राजधानींत याच सुमारास निराळेंच वारें वाहत होतें. सेंट व्हिन्सेंट बेटावरून आलेल्या एका अपिलांत १८९९ सालीं प्रीव्ही कौन्सिलच्या वतीनें लॉर्ड मॉरिस यांनीं सांगितलें कीं, न्यायालयाच्या निंदेबद्दल शिक्षा करण्याची चाल इंग्लंडांत आतां लोपली आहे; न्यायाधीशावर टीका झाली तर तिचें मूल्यमापन तेथें लोकमतावरच सोपविलें जातें. मात्र ज्या लहान वसाहतींत बहुसंख्य लोक गौरेतर वर्णाचे आहेत, तेथें या शस्त्राची गरज पडूं शकेल, अशी पुस्तीहि त्यांनीं जोडली! ही पुस्ती वाचली, म्हणजे हिंदुस्थानांतील शिक्षांचें मर्म निराळें सांगावें लागत नाहीं.

तथापि ती चाल इंग्लंडांतहि पूर्ण लोपली नव्हती. १९०० सालीं बर्मिंगहॅम येथील एका दैनिकाचे संपादक ग्रे यांनीं न्यायमूर्ति डार्लिंग यांची ‘टोप घातलेला उद्धट ठेंगू’ अशा धर्तीची टिंगल केली, तेव्हां त्यांस शंभर पौंड दंड आणि पंचवीस पौंड खर्च भरावा लागला. पण त्याच निकालांत लॉर्ड रसेल यांनीं मर्यादाहि आंखून दिली: निकालावर सयुक्तिक टीका करण्याचा हक्क प्रत्येकास आहे; शिवीगाळ ही टीका नव्हे. १९३६ सालीं ही मर्यादा आणखी रुंदावली. त्रिनिदाद येथील एका पत्रानें दोन खटल्यांतील शिक्षांची तुलना करून, सारख्या गुन्ह्यांस विषम शिक्षा कां, असा प्रश्न विचारला. तेथील न्यायालयानें पत्राचे चालक अंबार्ड यांस पंचवीस पौंड दंड केला. प्रीव्ही कौन्सिलनें तो रद्द केला. न्याय हा कांहीं मठांत झांकून ठेवण्याचा सद्गुण नव्हे, सामान्य माणसांची सन्मानपूर्वक, पण परखड टीका त्यानें सोसलीच पाहिजे, असें लॉर्ड ॲटकिन यांनीं त्या वेळीं बजावलें.

आतां सर्वांत नाजूक प्रश्नाकडे वळूं. छापलेली गोष्ट खरी असेल तर काय? अब्रुनुकसानीच्या कायद्यांत याचें उत्तर जुनें आहे: मजकूर खरा असून तो लोकहितार्थ छापला असेल, तर गुन्हा होत नाहीं. १८८२ सालीं कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या अब्रुनुकसानीबद्दल टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले, तें ज्या पत्रांवर त्यांनीं विश्वास ठेविला तीं बनावट निघालीं म्हणून. तीं खरीं असतीं तर बचावास जागा होती. न्यायालयाच्या अवमानांत मात्र दीर्घ काळपर्यंत ही जागाच नव्हती. न्यायाधीशावरील आरोप खरा आहे, हें सिद्ध करूं पाहणें म्हणजे अपराधाची पुनरुक्ति करणें, अशी समजूत होती. लांच घेणाऱ्या न्यायाधीशाविषयीं ‘त्यानें लांच घेतली’ असें लिहिणारा संपादक सत्यवादी असूनहि अपराधी ठरावा, ही स्थिति न्यायाला भूषणावह खास नव्हती.

आपल्याकडील कायदा या बाबतींत फार सावकाश चालला. १९२६ सालच्या पहिल्या कायद्यानें शिक्षेची कमाल मर्यादा सहा महिन्यांची साधी कैद आणि दोन हजार रुपये दंड अशी ठरविली. १९५० सालीं राज्यघटना अमलांत आली. तिनें भाषणस्वातंत्र्य दिलें, पण न्यायालयाचा अवमान हें त्या स्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालण्याचें एक कारण म्हणून मान्य केलें. आणि आपल्या अवमानाबद्दल शिक्षा करण्याचा सर्वोच्च व उच्च न्यायालयांचा अधिकारहि नमूद केला. १९५२ सालीं दुसरा कायदा झाला, आणि १९७१ सालीं तिसरा. आज चालतो तो हाच तिसरा. शिक्षेची मर्यादा मात्र १९२६ सालचीच राहिली आहे.

१९७१ च्या कायद्यांत वृत्तपत्रांच्या दृष्टीनें महत्त्वाच्या तरतुदी आहेत. न्यायालयांतील कामकाजाचा खरा व निःपक्षपाती वृत्तांत देणें हा अवमान नव्हे. ज्या प्रकरणाचा अखेरचा निकाल लागला आहे, त्याच्या गुणदोषांवर योग्य टीका करणें हा अवमान नव्हे. कृत्य घडल्यापासून एक वर्षानंतर कारवाई सुरू करतां येत नाहीं. न्यायदानांत भरीव अडथळा आला असल्याखेरीज, किंवा येण्यासारखा असल्याखेरीज, शिक्षा देतां येत नाहीं. आणि २००६ सालीं झालेल्या दुरुस्तीनें शेवटीं सत्याला दार उघडलें: मजकूर खरा असून तो सार्वजनिक हितासाठीं आणि प्रामाणिक बुद्धीनें प्रसिद्ध केला आहे, अशी खात्री झाल्यास न्यायालय तो बचाव मान्य करूं शकतें. १९०८ नंतर अठ्ठ्याण्णव वर्षांनीं हें दार उघडलें.

तरीहि शस्त्र म्यान झालेलें नाहीं. केरळचे मुख्यमंत्री नंबुद्रिपाद यांनीं १९६७ सालीं पत्रकार परिषदेंत, न्यायाधीशांच्या मनावर वर्गहिताचा पगडा असतो, असें विधान केलें. केरळ उच्च न्यायालयानें एक हजार रुपये दंड केला. १९७० सालीं सर्वोच्च न्यायालयानें अपराध कायम ठेवून दंड पन्नास रुपयांवर आणला. २०२० सालीं ज्येष्ठ वकील प्रशांत भूषण यांस सर्वोच्च न्यायालयानें दोषी ठरविलें आणि दंड केला एक रुपया. दंडाचा आंकडा असा उतरत गेला, याचा अर्थ उघड आहे. अधिकार सोडवत नाहीं, आणि तो पुरता वापरण्यास मनहि धजत नाहीं, अशी ही स्थिति आहे. ज्या इंग्लंडांतून हा कायदा आला, तेथील पार्लमेंटनें २०१३ सालीं न्यायालयाच्या निंदेचा हा अपराधच रद्द करून टाकला. चालू खटल्याच्या संरक्षणाचा कायदा मात्र त्यांनीं ठेविला.

याचा अर्थ न्यायाधीशांवर वाटेल तें लिहावें, असा कोणी करूं नये. मंत्री टीकेला उत्तर देतो, सभा घेतो, पत्रक काढतो. न्यायाधीशाला यांतलें कांहींच करतां येत नाहीं. निकालपत्रांत जें लिहिलें तेंच त्याचें पहिलें आणि शेवटचें बोलणें. तालुक्याच्या गांवीं एकटा बसून काम करणारा न्यायाधीश गांवांतील धनदांडग्याविरुद्ध निकाल देतो, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच धनदांडग्याच्या ताब्यांतील पत्र त्याच्यावर लांचखाऊपणाचा शिंतोडा उडवितें. अशा वेळीं कायद्याचें कवच नसेल, तर पुढच्या गरीब फिर्यादीला न्याय कोण देणार? कवच लागतें तें अशा ठिकाणीं, कारण तेथें न्यायाधीशाच्या पाठीमागें एक दुबळा पक्षकार उभा असतो.

म्हणून न्यायालयावरील कोणताहि लेख वाचतांना सुजाण वाचकानें तीन प्रश्न विचारावे. वाद अजून चालू आहे, कीं त्याचा अखेरचा निकाल लागला आहे? लेखणीचा रोख निकालांतील कारणांवर आहे, कीं निकाल देणाराच्या हेतूवर? आणि हेतूवर असेल, तर त्याला आधार म्हणून पुरावा दिला आहे, कीं केवळ विशेषणें? पहिल्या प्रश्नानें पक्षकाराचें रक्षण होतें, दुसऱ्यानें न्यायाधीशाचें, आणि तिसऱ्यानें खुद्द वृत्तपत्राचें. सुरेंद्रनाथांसारखा थोर संपादकहि दुसऱ्याच्या बातमीवर विसंबून फसला, हें विसरून चालणार नाहीं.

न्यायासनानेंहि एक प्रश्न स्वतःस विचारावा: या लेखामुळें कोणा पक्षकाराचा न्याय बिघडणार आहे काय? उत्तर ‘होय’ असेल, तर कायदा खुशाल कठोर व्हावा. उत्तर ‘नाहीं’ असेल, तर टीका योग्य आहे कीं अयोग्य, हें ठरविण्याचें काम लोकांवर सोपवावें. महाराष्ट्राला रामशास्त्री प्रभुणे यांचें नांव आजहि आदरानें घ्यावेंसें वाटतें. नारायणरावांच्या १७७३ सालच्या खुनाबद्दल त्यांनीं सत्ताधीश रघुनाथरावांस दोषी ठरविलें आणि पुणें सोडलें, ही गोष्ट घरोघर मुलांना सांगितली जाते. त्यांची ही कीर्ति कोणास शिक्षा करून टिकलेली नाहीं. ती एका निकालानें मिळाली, आणि त्या निकालाची चर्चा दोन-अडीचशें वर्षें मोकळेपणानें होत राहिल्यानेंच वाढली.